चारही खाचा पुढच्या चाकाकडे

माझ्या बापाने आयुष्यात एकही स्क्रू वाकडा सोडला नाही. हे वाक्य मी पूर्वी चारचौघांत मिरवायचे. आता तेच म्हणताना दात आवळले जातात.

वाकडा म्हणजे काय ते आधी सांगते. मोटरसायकलच्या कार्बोरेटरखाली पेट्रोल साठवणारी एक छोटी वाटी असते. ती चार स्क्रूंनी वर आवळलेली असते. बाबा ती वाटी बसवताना चारही स्क्रूंच्या डोक्यावरच्या खाचा एकाच दिशेला आणतात, पुढच्या चाकाकडे. मागाहून कुणी हात लावला किंवा हादऱ्याने एखादा स्क्रू सैल झाला, तर खाली वाकून एक नजर टाकली की कळतं. हे वाटतं तितकं सोपं नाही हं. जो स्क्रू ज्या भोकातून निघाला त्याच भोकात परत गेला, तरच तो घट्ट होता होता नेमका पुढे बघतो. अदलाबदल झाली की एक अलीकडे थांबतो, दुसरा पलीकडे जातो. म्हणून बाबा स्क्रू काढले की फडक्यावर मांडतात, पुढचे पुढे, मागचे मागे, आणि तेवढा वेळ त्या फडक्याला देवानेसुद्धा हात लावायचा नाही.

मी हे त्यांच्याकडून शिकले. माझा धाकटा भाऊ शिकला नाही. तिशी उलटली तरी सगळे त्याला बाळ्या म्हणतात, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही, यातच काय ते समजा. बाळ्याकडे बॅटरीवर चालणारा स्क्रूड्रायव्हर आहे. तो घर्र करून जिथे थांबतो तिथे स्क्रू थांबतो. "गाडी पळाल्याशी कारण. खाली वाकून कोण बघतंय, ताई?" असं त्याचं म्हणणं. मी वाकून बघते, हे त्याला माहीत होतं. तरी म्हणायचा.

आमचं गॅरेज म्हणजे दोन शटर, तेल पिऊन काळी झालेली फरशी, आणि मागच्या भिंतीवर टांगलेले पाने. प्रत्येक पान्याच्या मागे भिंतीवर त्याचाच आकार पांढऱ्या रंगाने काढलेला, म्हणजे कुठला जागेवर नाही ते दारातूनच दिसावं. शाळेचं दप्तर टाकलं की मी तिथे. शाळा सुटली ती सुटलीच, गॅरेज काही सुटलं नाही. आई गेल्यावर तर घरापेक्षा तिथेच जास्त बरं वाटायचं. गिऱ्हाईक शटरखालून वाकून आत बघायचं आणि विचारायचं, "ताई आहेत का?" बाळ्या असला तर म्हणायचं, "नको, मग नंतर येतो." बाळ्या त्यांना बसवून घ्यायचा, चहा पाजायचा, गप्पा मारायचा. त्यात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नाही. काम मी करायचे.

मला ते गॅरेज हवं होतं. उगाच आडपडदा कशाला ठेवू? दुसरं काही मला आयुष्यात इतकं हवंसं वाटलंच नाही.

बाबांचे हात थरथरायला लागले तेव्हा हा विषय निघाला. कार्बोरेटरमधलं जेट म्हणजे मधोमध बारीक भोक असलेला पितळी खिळा. पेट्रोल किती जायचं ते त्या भोकावर ठरतं. ते चिमटीत धरलं की बाबांच्या हातून निसटायचं आणि फरशीवर घरंगळत जायचं. मी उचलून द्यायचे, ते बघितलं नाही असं दाखवायचे. एका दुपारी मी सरळच विचारलं.

"बाबा, तुमच्यानंतर गॅरेज कुणाचं?"

बाबांनी चहाच्या कपात बघितलं. बाळ्याने बाबांकडे बघितलं. मी दोघांकडे बघत राहिले. त्या गप्प बसण्यातच मला कळायला हवं होतं, पण आपल्या माणसाच्या बाबतीत माणूस आंधळा होतो.

मग एक दिवस बाबाच म्हणाले, "मागे दोन जुन्या गाड्या पडल्यात. एकाच मॉडेलच्या. एक तू घे, एक बाळ्या घेईल. तयार करा. खाणीच्या चढावर शर्यत लावू. जिची-ज्याची वर आधी पोचेल, त्याच्या हातात चाव्या. गाडी ज्याची त्याला, गॅरेज जिंकेल त्याला. मी कुणालाच मदत करणार नाही."

मला आनंद गगनात मावेना. माझ्या बापाला मुलगा आणि मुलगी यांत फरक करायचा नव्हता, काम बघून ठरवायचं होतं, असं मी समजले. बाळ्या म्हणाला, "ताई, गॅरेज राहू दे, मला निदान लाजवू नकोस." आम्ही तिघंही हसलो. बाबा सगळ्यात शेवटी हसले.

दोन्ही गाड्या म्हणजे साधी कार्बोरेटरची इंजिनं. ताकद काढायची तर पहिला इलाज ठिणगीचा. पिस्टन वर पोचायच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते, आणि किती आधी ते इंजिन किती जोरात फिरतंय त्यावर असतं. हे ठरवणारी एक काळी डबी असते, तिला इग्निशन मॉड्यूल म्हणतात. जुनी डबी सगळं एकाच ठोकताळ्याने करते, आणि इंजिन फार फिरायला लागलं की घाबरून ठिणगीच तोडते. मी नवी मागवली. तिच्यात तो हिशोब आपण स्वतः भरायचा असतो. लॅपटॉप टाकीवर ठेवून मी एकेक आकडा भरत गेले. मधल्या वेगाला ठिणगी थोडी लवकर, वर गेल्यावर थोडी मागे. जास्त लवकर केली की इंजिन आतून टकटकायला लागतं. ते ऐकू आलं की एक पाऊल मागे. जोडीला नवी कॉइल, नवी वायर, नवा प्लग.

बाबा लांब उभं राहून बघायचे. "डबीच्या आत काय चाललंय ते दिसत नाही," ते म्हणायचे. "जे दिसत नाही त्यावर माझा भरवसा नाही."

"आवाज तर येतो ना, बाबा?"

"आवाज येतो," ते कबूल करायचे. आवाजापुढे त्यांचं काही चालत नाही.

ठिणगी सुधारली की पेट्रोल-हवेचं गणितही नव्याने मांडावं लागतं. मी हवेचा फिल्टर मोकळा केला, सायलेन्सर मोकळा केला, म्हणजे आता पेट्रोलही जास्त हवं. किती जास्त, ते कुणी सांगत नाही, प्लगच सांगतो. चढावर मूठ पूर्ण पिळून गाडी वर न्यायची, जोरात असतानाच इंजिन बंद करून क्लच दाबायचा, कडेला थांबायचं आणि चटका देणारा प्लग फडक्यात धरून काढायचा. पांढरा असेल तर पेट्रोल कमी. काळा असेल तर जास्त. बिस्किटाच्या रंगाचा आला की जमलं. जेटचा नंबर जितका मोठा तितकं भोक मोठं. मी जेट बदलत बदलत ११५ नंबरवर आले आणि प्लग बिस्किटासारखा निघाला. पसंत पडलेल्या जेटच्या बुडावर मी सुईने एक चरा ओढते. त्यावरही ओढला. वाटी बसवली, चारही खाचा पुढच्या चाकाकडे.

काय ओढायची गाडी! मूठ पिळली की मागचं चाक रस्ता ढकलून द्यायचं. जुनी डबी जिथे दम तोडायची तिथून पुढे हिचा खरा जोर सुरू व्हायचा. मी चढावर एकटीच मोठ्याने हसले होते.

बाळ्याने काय केलं? फिल्टर बदलला आणि एक मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावला. समोरच्या टायरवाल्याला तो आवाज फार आवडला. टायरवाला आमचा रोजचा शेजारी, पंच म्हणून त्यालाच नेमलं होतं. माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "ताई, बाळ्याची गाडी ओरडते भारी, पण तुमची पळते."

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मी गाडी पुसून उभी केली. बाबा म्हणाले, "ठिणगे, तू जा घरी. हात धू, जेव, झोप. कुलूप मी लावतो." ठिणगी हे त्यांनी ठेवलेलं नाव, चिडले की मी पेटते म्हणून. मला एकदम भरून आलं. हरेन का जिंकेन या काळजीत मी दिवसभर होते आणि बापाला माझ्या जेवणाची काळजी, असं वाटलं. मी घरी गेले आणि पोटभर जेवले.

सकाळी गाडी पहिल्या किकला चालू झाली. खाणीपर्यंत सावकाश नेली, काही वेगळं वाटलं नाही. बाबा वर जाऊन उभे राहिले. टायरवाल्याने फडकं खाली सोडलं आणि आम्ही सुटलो. पहिल्या वळणापर्यंत बाळ्या माझ्या आरशात होता. वळणानंतर सरळ उभा चढ लागतो, तिथे मूठ पूर्ण पिळायची. मी पिळली.

गाडी गुदमरली. बुड बुड बुड करायला लागली, मागे काळा धूर. मी मूठ थोडी सोडली तर ओढायची, पुन्हा पूर्ण पिळली की परत बुड बुड. बाळ्याचा तो भसाडा सायलेन्सर माझ्या कानाजवळून गेला. तो मागे वळून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, नवल होतं. मी अर्ध्या मुठीवर रखडत वर पोचले तेव्हा तो हेल्मेट काढून उभा होता.

"डबीने घात केला," टायरवाला धापा टाकत वर येऊन म्हणाला. "या नव्या वस्तूंचं असंच असतं."

बाबांनी खिशातून चाव्या काढल्या आणि बाळ्याच्या हातात ठेवल्या. "ठरल्याप्रमाणे," एवढंच म्हणाले. मग माझ्याकडे आले. माझ्या डोळ्यांत बघितलं नाही. मला वाटलं, माझं दुःख त्यांना बघवत नाही. "तू काम चांगलं केलं होतंस. डबीच्या नादी लागायला नको होतं." आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात आठवला की अजून अंगावर काटा येतो. त्या वेळी मात्र मी त्या हाताखाली लहान मुलीसारखी रडले. "हो, बाबा," म्हणाले.

दुपारी बाळ्याने कुलूप न लावताच सगळ्यांना चहाला नेलं. मी गेले नाही. गॅरेजचं एक शटर अर्धं वर करून आत बसले आणि गाडीकडे बघत राहिले. हरले याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त डोकं खात होतं ते वेगळंच. माझी गाडी अशी का वागली? माझं काम मला कधी असं तोंडघशी पाडत नाही.

प्लग काढला. काळा कुट्ट, वर ओली काजळी. ठिणगी अशक्त पडली तरी प्लग काळा होतो, म्हणजे डबीवरचा संशय खराच वाटत होता. नवी डबी काढून जुनी लावली आणि गाडी मागच्या रस्त्यावर नेली. तेच. बुड बुड, काळा धूर. दोन वेगळ्या डब्या एकाच जागी सारख्याच कशा मरतील? आणि मग सकाळचं आठवलं. मूठ सोडली की ओढत होती. ठिणगी बिघडली असती तर तिला मुठीशी काय देणंघेणं? घोडं पेंड खात होतं ते कार्बोरेटरमध्ये.

मी खाली वाकले. चारही खाचा पुढच्या चाकाकडे. मी बसवल्या होत्या तशा. म्हणजे कुणी हात लावलेला नव्हता. तरी उघडलं. स्क्रू फडक्यावर मांडले, वाटी काढली, जेट काढून उजेडात धरलं.

१३५.

एकदा वाटलं, आपणच चुकलो. घाईत भलतंच लावलं. जेट उलटं करून बुड बघितलं, चरा नव्हता. मग मी बाबांच्या टेबलाचा खण उघडला. त्यात जेटची पत्र्याची पेटी असते, आत लहान लहान कप्पे, प्रत्येक कप्प्यावर बाबांनी खिळ्याने कोरलेला नंबर. १३५चा कप्पा रिकामा होता. ११५च्या कप्प्यात माझं जेट होतं. पुसून कोरडं केलेलं, बुडावर सुईचा चरा.

मी तिथेच खाली फरशीवर बसले.

बाळ्याने केलं असतं तर मला परवडलं असतं. धाकट्या भावाने चोरटेपणा केला, त्याच्या दोन कानाखाली लावल्या असत्या आणि विषय संपला असता. पण बाळ्याच्या हातून खाचा सरळ येणं शक्य नाही. काढलेलं जेट तो बाकावरच टाकून गेला असता, कप्प्यात ठेवलं नसतं, पुसणं तर सोडाच. आणि तिऱ्हाइताला आमची पेटी कुठे असते ते माहीत नाही. बोट दाखवायला कुणी उरलंच नाही. एकच माणूस उरला, ज्याने मला स्क्रू फडक्यावर मांडायला शिकवलं होतं.

किती विचार करून केलं होतं! मेन जेट बदललं की गाडी चालू होताना कळत नाही, सावकाश चालवताना कळत नाही. मूठ पूर्ण पिळल्यावरच ते बोलतं. म्हणजे चढावर, सगळ्यांसमोर. आणि दोष जाणार कुणाला, तर नव्या डबीला. ज्यांनी महिनोन्‌महिने डबीच्या नावाने बोटं मोडली होती त्यांनीच हे केलं होतं.

मग मला ते हात आठवले. जेट चिमटीत धरता येत नाही ते हात. त्या हातांनी त्यांनी एकट्याने वाटी काढली, माझं जेट काढलं, दुसरं बसवलं, आणि एकेक स्क्रू थांबत थांबत पुढच्या चाकाकडे आणला. किती वेळ लागला असेल. कितीदा स्क्रू निसटून पडला असेल, कितीदा खाली बसून चाचपून शोधला असेल. मी घरी पोटभर जेवत होते तेव्हा. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असणार, आणि तरी मला त्या हातांची कीव आली. याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

बाळ्या परतला तेव्हा मी जेट त्याच्यापुढे धरलं आणि सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पडला.

"शपथ, ताई. मला काहीच माहीत नव्हतं."

मला ते पटलं. बाळ्याला खोटं बोलता येत नाही. तेवढे कष्ट तो घेतच नाही.

"बरं. मग चाव्या दे."

त्याने खिशात हात घातला. चाव्या वाजल्या. हात बाहेर आला तो रिकामाच.

"तू बाबांशी बोल ना," तो म्हणाला. "मी मध्ये कशाला?"

"तू मध्ये नाहीस? चाव्या तुझ्याकडे आहेत, बाळ्या."

"पण दिल्या त्यांनी. मी मागितल्या होत्या का?" मग जरा जवळ येऊन, लाडीगोडी लावल्यासारखं, "अगं, आपण पूर्वीसारखंच चालवू. तू काम कर, मी गिऱ्हाईक बघतो. मी काय तुला हाकलतोय? नावाचा काय फरक पडतो?"

"नावाने फरक पडत नसेल तर माझं लाव."

त्याचा हात पुन्हा खिशातल्या चाव्यांवर गेला. तोवर तो निर्दोष होता. ते चाव्या वाजवणं मी ऐकलं आणि त्या क्षणापासून तोही त्यात आला. बापाने एकदा दगा दिला, भावाने तो आयता उचलून खिशात ठेवला. घरी तिघंही मूग गिळून जेवलो.

गाडी, जेट आणि माझी हत्यारं मी संध्याकाळीच घरी आणली होती. सकाळी मी अंगणात माझं जेट परत बसवलं, नवी डबी लावली. हत्यारं पिशवीत भरून पिशवी खांद्याला अडकवली आणि गाडी गॅरेजवर नेली. बाबा शटर उघडायला आले होते. सवयीने खिसा चाचपला आणि चाव्या नाहीत हे आठवून उभे राहिले.

"चला बाबा," मी म्हटलं. "एक चक्कर मारू."

"कशाला?"

"गाडी बरी झाली. ऐकायची नाही का?"

नको म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण बरी झालेली गाडी ऐकायची नाही, हे त्यांच्याच्याने होणार नाही, ते मला माहीत होतं. माझ्या पिशवीकडे त्यांनी बघितलं, विचारलं नाही. मागे बसले.

खाणीच्या चढाला लागलो. वळणापर्यंत मी बेताने नेली. सरळ चढावर मूठ पूर्ण पिळली आणि गाडीने आम्हा दोघांना उचलून वर नेलं. मागे माणूस बसलेलं असून. बुड बुड नाही, धूर नाही. एकसलग, भरलेला आवाज, आणि जुनी डबी जिथे दमायची त्याच्याही पुढे. बाबांचे हात माझ्या खांद्यावर होते. त्यांची थरथर मला कापडातून कळत होती. वर पोचून मी इंजिन बंद केलं.

"छान ओढते," बाबा उतरता उतरता म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. मला ओरडावंसं वाटलं.

मी खिशातून १३५ काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. "तुमचं तुम्हाला परत."

त्यांनी ते बघितलं. नंबर वाचायची त्यांना गरज नव्हती. मी भांडायच्या तयारीने आले होते. ते नाकारतील, मी पुरावे देईन, ते चिडतील, असं सगळं मी मनात घोळवलं होतं. त्यांनी फक्त मूठ मिटली.

"कसं कळलं?"

"खाचांवरून."

"खाचा तर सरळ होत्या."

"म्हणूनच."

ते विचारात पडले. मग त्यांना उमगलं, आणि ते स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणाले, "एक वाकडी ठेवायला हवी होती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एवढंच चुकलं का तुमचं, बाबा? एक स्क्रू?"

"तसं नाही, ठिणगे."

"मग कसं? सांगा ना, का केलंत?"

ते कडेच्या दगडावर बसले. "बाळ्याला दुसरं काय येतं? गॅरेजच्या बाहेर त्याला कुणी उभं करणार नाही. तू कुठेही उभी राहशील. तुझ्या हातात आहे ते त्याच्या हातात नाही, म्हणून त्याला चाव्या दिल्या. मी बाप आहे, मला दोघांचं बघावं लागतं."

"म्हणजे मला काम येतं हा माझा गुन्हा."

त्यांनी मुठीतलं जेट चाचपलं.

"मग हे तोंडावर सांगायचं होतं. मी रडले असते, भांडी आपटली असती, तुमच्याशी अबोला धरला असता. पण मी हरले नाही हे मला माहीत असतं. तुम्ही मला सगळ्यांसमोर माझ्याच कामात खोटं पाडलंत. मी माझ्या हातांवर संशय घेतला, बाबा. काल दुपारी मला वाटलं, मलाच काम येत नाही. आणि तुम्ही पाठीवर हात ठेवून म्हणालात, डबीच्या नादी लागायला नको होतं."

"तुला तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती माझी." ते जमिनीकडे बघून म्हणाले. "तू विचारलंस तेव्हाच म्हणणार होतो. नाही झालं."

वाऱ्याने खाणीतली धूळ वर येत होती. मला एकच गोष्ट अजून विचारायची होती. उत्तर मला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"गाडी हरवायचीच होती तर बारीक जेट का नाही घातलंत? त्यानेही हरलेच असते."

"वेड लागलंय का?" ते एकदम चिडून वर बघत म्हणाले. "बारीक घातलं असतं तर पेट्रोल कमी पडून इंजिन तापून जाम झालं असतं. उभ्या चढावर चाक अडकून तू फेकली गेली असतीस. मी तुझा बाप आहे!"

हे ते खरंच रागावून म्हणाले, आपल्यावर भलता आळ आल्यासारखे. दगा देतानाही त्यांनी काम नीट केलं होतं. माझ्या हाडांची काळजी घेतली होती. बाकी माझं काय होईल ते मात्र त्यांना चालणार होतं.

"बसा," मी म्हटलं. "सोडते तुम्हाला."

उतरताना त्यांनी माझ्या खांद्याला धरलं नाही, मागचा दांडा धरला. मी गॅरेजसमोर थांबले आणि इंजिन चालूच ठेवलं. बाबा उतरले, पण तिथेच उभे राहिले.

दोन्ही शटरं वर होती. आत एक गिऱ्हाईक हाताची घडी घालून उभं होतं आणि बाळ्या त्याची गाडी चालू करून मूठ पिळत होता. इंजिन वर गेलं. त्याने मूठ सोडली, तरी ते खाली येईना. वरच लोंबकळत राहिलं आणि मग कुरकुरत, सावकाश उतरलं. कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधला रबर कुठेतरी फाटला होता आणि तिथून नको ती हवा आत शिरत होती. बाबांची आणि माझी मान एकदमच तिकडे वळली.

बाळ्याला ते ऐकू आलं नव्हतं. त्याने पुन्हा पिळलं, आणि गिऱ्हाइकाकडे बघून मान हलवत हसला. "बघा, काय गरगर फिरतंय."

"हवा घेतंय," बाबा म्हणाले.

"हो."

ते माझ्याकडे बघत राहिले. असं काही झालं की मी न सांगता आत जायचे, बाळ्याच्या हातातून गाडी घ्यायचे आणि तो गिऱ्हाइकाला चहा सांगायचा. इतकी वर्षं हे असंच चालत आलं होतं. बाबांनी ते तोंडाने म्हटलं नाही. थोडेसे बाजूला सरकले, मला आत जायला वाट द्यावी तसे. १३५ अजून त्यांच्या मुठीत होतं.

मी पिशवीचा पट्टा खांद्यावर नीट घेतला आणि गिअर टाकला.

मागे बाळ्याने परत मूठ पिळली. ते लोंबकळणारं इंजिन मला कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होतं.